पाण्याच्या कडेने सायकल

वाचकहो, एखाद्या रविवारी पहाटे कल्याण-मुरबाड रस्त्याच्या कडेला जरा उभे राहून पाहा. दूधवाल्यांच्या मोटारसायकली पुढे गेल्या की मागून सूं सूं करीत आठ-दहा सायकली येतात. अंगाला घट्ट रंगीत कपडे, डोक्याला टरबुजाच्या फोडीसारखे शिरस्त्राण, दांडीला पाण्याची बाटली. ही मंडळी ठाण्याची, डोंबिवलीची, मुलुंडची. कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, कोणी दिवसभर संगणकासमोर बसणारे. रायत्याला उल्हास नदी ओलांडतात, मुरबाड घेतात, सरळगावला चहा पितात आणि टोकावड्यावरून माळशेजच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत फिरतात. काहीजण बदलापूरहून बारवी धरणाच्या बाजूने मुरबाडला येतात. जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर होतात.

आमच्याकडच्या एका आबांनी मला विचारले, "साहेब, यांना एस्टी मिळत नाय का?"

मी म्हटले, "मिळते आबा. हौस आहे त्यांची."

"हौसंला घाम गाळतात? मग माझ्या खाचरात चिखलणीला पाठवा की!"

आबांचे म्हणणे हसण्यावारी न्यावे असे नाही. ज्याने पोटासाठी आयुष्यभर पायडल मारले, त्याला हौसेची सायकल समजायला वेळ लागणारच. पण ही हौस आता आपल्या गावापर्यंत आली आहे आणि तिच्या मागोमाग पैसा, जमिनीचे व्यवहार, कुंपणे आणि सरकारी योजनाही येत आहेत. म्हणून आज पिकाऐवजी सायकलीवर लिहितो आहे. संपादकांनी जागा दिली, तुम्हीही द्याल.

मी बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो तेव्हा फिरती सायकलीवरच असे. मागच्या कॅरिअरला बियाण्याच्या मिनिकिटाच्या पिशव्या, पुढे हँडलला माती नमुन्यांची थैली. सायकल म्हणजे काळी, जड, दांडीची, एकाच वेगाची. चढाला उतरून ढकलायची. तरी आजही मी नव्या मुलांना सांगतो की मोटारसायकलवरून शेत दिसते, सायकलवरून पीक दिसते. आश्विनात हिरव्यागार भातात मधेच गोल जळका पट्टा दिसला की समजायचे, तपकिरी तुडतुडे लागले आहेत. हा पट्टा सुरुवातीला परातीएवढा असतो. पन्नासच्या वेगाने जाणाऱ्याला तो दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा त्याचे खळे झालेले असते.

आजच्या सायकली कशा चढतात, याचे तरुण पोरांना फार कुतूहल असते. त्यात जादू काही नाही. आपल्या जुन्या सायकलीला पुढच्या चकतीला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असले, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक जवळजवळ अडीच फेऱ्या फिरते. सपाटीला हे ठीक, चढाला मांड्या भरून येतात. गिअरच्या सायकलीत पुढची चकती लहान आणि मागची मोठी करता येते. दोन्हीकडे २८ दात आले की एका फेरीला चाकाची एकच फेरी. अंतर कमी कापते पण जोर कमी लागतो. औत जड झाले की आपण घास कमी धरतो, तसेच हे.

आता मार्गाकडे वळतो. शहरातले बहुतेकजण मोठ्या रस्त्याने माळशेजकडे धावतात. तो रस्ता जुना, फार जुना आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरातला माल वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून उभा आहे. पण आज तिथे ट्रक आणि मोटारी इतक्या की सायकलवाल्याची नजर डोंगराकडे जाण्याऐवजी आरशाकडेच राहते. मला विचाराल तर मुरबाडहून म्हसा फाट्याने आमच्या धसईला या आणि धसईहून देहरीपर्यंत जा. वेळ सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर.

म्हसा तुम्हाला माहीत आहेच. पौषी पौर्णिमेची खांबलिंगेश्वराची यात्रा, बैलबाजार आणि घोंगड्या. यात्रेच्या दिवसांत मात्र सायकल घेऊन तिकडे जाऊ नका, चालायलाही वाट मिळत नाही. पुढे भाताची खाचरे सुरू होतात. निसवलेल्या भाताला सकाळी एक गोडसर वास येतो. तो वास बंद मोटारीत येत नाही, हे मी पैजेवर सांगतो. बांधावर तूर, नाचणीचे तुकडे, मधे एखादा ओहोळ, त्यावरचा ठेंगणा पूल, पुलाच्या कठड्यावर धुणे वाळत घातलेले. धसईजवळ मातीचे धरण आहे. पाऊस सरल्यावर त्याच्या पाण्यात समोरचा सह्याद्री उलटा दिसतो. डोळ्यांसमोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, एका बाजूला सिद्धगड. देहरीला रस्ता जणू त्या भिंतीलाच जाऊन टेकतो.

सिद्धगडाकडे पाहताना एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ज्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ च्या लढ्यात विजेचे मनोरे पाडून इंग्रज सरकारला बेजार केले, ते भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी याच सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. भाई कोतवाल माथेरानचे, वकील माणूस. हिराजी पाटील शेतकऱ्याच्या घरातले. दर वर्षी २ जानेवारीला तिथे लोक जमतात.

धसईचे नाव २०१६ च्या डिसेंबरात सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते, रोकड न वापरता व्यवहार करणारे राज्यातले पहिले गाव म्हणून. पत्रकारांच्या गाड्यांनी बाजार भरला होता. त्या गाड्या गेल्या आणि धसई पुन्हा आसपासच्या पाड्यांची बाजारपेठ म्हणून आपले काम करू लागली. पाहुणे येतात आणि जातात, ही गोष्ट आमच्या गावाला तेव्हाच कळली आहे. पुढचे बोलणे त्याच अनुषंगाने आहे.

शहरातल्या लोकांनाही पाण्याच्या कडेने सायकल फिरवायची ओढ असते. इंग्लंडात कालव्यांच्या काठाने घोडे नावा ओढत, त्या घोड्यांच्या वाटांवर आज सायकली फिरतात. हॉलंडात तर समुद्र अडवणाऱ्या बांधांवरूनच सायकलवाटा गेल्या आहेत. मुंबईलाही वाटले की आपल्याकडे असे काही असावे. महापालिकेने तानसाच्या मोठ्या जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग योजला आणि त्याला नाव दिले ‘हरित वारी जलतीरी’. जलवाहिनीच्या दोन्ही अंगांची अतिक्रमणे न्यायालयाच्या आदेशाने काढायची होती. मोकळी झालेली जागा पुन्हा व्यापली जाऊ नये म्हणून ही युक्ती. युक्ती वाईट नाही. रिकाम्या जागेत काही चांगले केले नाही तर वाईट आपोआप उगवते, हे तणाचा अनुभव असलेल्या आपल्यासारख्यांना सांगायला नको.

पण त्या जलवाहिनीत पाणी कोणाचे आहे? तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, ते आपल्या शहापूर तालुक्यात. भातसाही शहापुरात. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी जाते आणि त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे. हे पाणी ज्या डोंगरावर पडते त्याच्या कुशीतल्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. जलवाहिनीच्या गळक्या झडपेखाली हंडे लावून बसलेल्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. मुलुंडचा माणूस त्याच नळाच्या कडेने सायकल फिरवील तेव्हा त्याला हे ठाऊक असावे, एवढीच माझी इच्छा. त्याच्याशी माझे भांडण नाही. तहान त्यालाही आहे.

दुसरी गोष्ट पवईची, ती जास्त ऐकण्यासारखी आहे. पवई तलाव १८९१ चा. मुंबईला प्यायला पाणी मिळावे म्हणून बांधला, पण पाणी पिण्यालायक राहिले नाही. भोवती इमारती उठल्या. तरी तलावात मगरी आहेत, काठच्या दलदलीत पक्षी आहेत. महापालिकेने २०२१ मध्ये तलावाच्या कडेने सायकल आणि पायी फिरण्याचा मार्ग करायला घेतला. तारेच्या जाळीत दगड भरून रचायचे, त्यातून पाणी झिरपत राहील, तलावाला इजा नाही, असे महापालिकेचे म्हणणे. आय.आय.टी.च्या विद्यार्थ्यांना हे पटले नाही, ते उच्च न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवले आणि काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. पाणथळ जागेत भराव घालून कायमचे बांधकाम करता येत नाही, हा त्यातला मुद्दा.

पुष्कळांना वाटले, सायकलसारख्या चांगल्या गोष्टीला कशाला अडवता? इथे जरा थांबा. तलावाचा काठ म्हणजे रिकामी जागा नव्हे. पाणी वर चढते आणि खाली उतरते, त्यामधला जो पट्टा असतो तोच तलावाचा सगळ्यात जिवंत भाग. मासा तिथे अंडी घालतो, मगर तिथे उन्हाला येते, बगळा तिथे चरतो. त्या पट्ट्यावर दगड रचला की तलाव राहतो, पण हौदासारखा.

आणि आपल्याकडे तर त्या पट्ट्यावर माणूसही जगतो. पाटबंधारे खात्याच्या तलावांचे पाणी ओसरले की उघडी पडणारी जमीन आपण गाळपेर म्हणून भाडेपट्ट्याने कसतो. धरणात ज्यांची जमीन गेली त्यांना तिच्यावर पहिला हक्क. गाळ ओला, खताचा खर्च कमी, कलिंगड, काकडी, हरभरा, वाल छान येतो. २०१८-१९ च्या दुष्काळात शासनाने गाळपेर जमिनीवर चाऱ्याची पिके घ्यायला लावली, त्यावर कितीतरी जनावरे तगली. उद्या कोणी नकाशा घेऊन गावात आला आणि म्हणाला, "तलावाभोवती सुंदर सायकलमार्ग करून देतो," तर पहिला प्रश्न हा विचारा: मार्ग पाण्याच्या वर्षातल्या सर्वांत चढत्या रेषेच्या बाहेरून जातो की आतून? आतून जात असेल तर गाळपेर गेली, मासेमारांची जाळी टाकायची जागा गेली, गुरांची पाण्यावर उतरायची वाट गेली. मग तो मार्ग कितीही देखणा असो, ग्रामसभेत हात वर करायचा नाही.

वाटेचा विषय निघाला म्हणून एका गावची हकिगत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. नदीकाठची चिंचोळी पट्टी शहरातल्या एका गृहस्थाने घेतली. तिथे सायकलवाल्यांसाठी विसाव्याची जागा, चार तंबू, झोपाळे करायचे ठरले. कल्पना चांगली होती, विकणाऱ्याला भावही बरा मिळाला. पण पहिले काम काय झाले तर सिमेंटचे खांब आणि जाळी. त्या जाळीत पाणवठ्याची वाट गेली. पिढ्यान्पिढ्या म्हशी ज्या वाटेने नदीवर उतरत, ती बंद. बायांना धुण्यासाठी अर्धा मैल वळसा. गृहस्थ म्हणाले, "सातबाऱ्यावर वाट दाखवा." सातबाऱ्यावर नव्हतीच. गावातली पोरे जाळी तोडायला निघाली होती.

त्या गावातल्या एक काकू, शाळा चौथीपर्यंत झालेली, पोरांना म्हणाल्या, "जाळी तोडाल तं तुमीच आत जाल. आदी कागूद करा." आणि कागद झाला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ यातल्या कलम ५ खाली वहिवाटीची वाट किंवा पाणी कोणी अडवले तर तहसीलदाराकडे दावा करता येतो. वाट सातबाऱ्यावर नसली तरी वहिवाट साक्षीपुराव्याने दाखवता येते. मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. हे सहा महिने लक्षात ठेवा. आपल्याकडची निम्मी प्रकरणे "बघू, बोलू, पुढच्या महिन्यात" यातच बाद होतात. तहसीलदारांनी जागेवर येऊन पाहिले, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे जबाब घेतले आणि वाट खुली झाली. आज त्याच जागी तंबूही आहेत आणि त्यांच्या शेजारून म्हशीही पाण्यावर जातात. शहरातली मुले त्या म्हशींचे फोटो काढतात. गृहस्थांनी हे आधीच ओळखले असते तर जाळीचा खर्च वाचला असता.

जमीन विकावी की नाही, हे मी कोणाला सांगत नाही. ज्याचे त्याचे कर्ज, ज्याची त्याची लेक लग्नाची. पण पाण्याला लागून असलेला तुकडा सर्वांत आधी मागितला जातो आणि तोच सर्वांत शेवटी विकावा, असे माझे तीस वर्षांच्या फिरतीतले मत आहे. विहीर, पंप, भाजीपाला सगळे त्या तुकड्यावर अवलंबून असते. काठ गेला की वरची जमीन पुन्हा पावसाच्या भरवशावर.

विकण्याऐवजी काय करता येईल? सायकलवाला पाहुणा मोटारवाल्याहून वेगळा असतो. त्याला भूक लागते. खरी भूक, कामाच्या माणसाची. त्याला वडापाव सगळीकडे मिळतो. नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे आणि ताक मिळत नाही. जूनच्या सुरुवातीला शेवळे, मग कुळू, पावसात भारंगी, टाकळा. या रानभाज्या आपल्या बाया डोक्यावर घेऊन कल्याणच्या बाजारात जातात आणि उरलेल्या संध्याकाळी मातीमोल देतात. रस्त्याकडेच्या पडवीत शिजवून वाढल्या तर दाम निराळा. सायकलवर तो पाच किलो तांदूळ नेऊ शकत नाही, हेही ध्यानात घ्या. पाव किलो वरी, अर्धा किलो नाचणीचे पीठ, मधाची लहान बाटली, असे बांधून ठेवा. मोठी गोणी मागाहून मागवील. पत्ता लिहून द्या. एवढे सुरळीत चालले तर पुढचा विचार. शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले, त्यात शेतकऱ्याला केंद्राची नोंदणी करता येते. अर्ज पर्यटन संचालनालयाकडे. पण आधी संडास आणि स्वच्छ पाणी, मग पाटी. पाटी आधी आणि संडास नाही, अशी केंद्रे मी पुष्कळ पाहिली.

एक राहिले, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. या रस्त्यांवर हौसेची सायकल रविवारी येते, पण गरजेची सायकल रोज जाते. पाड्यावरच्या मुली शाळेत जातात ती. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले आणि तिकडे हायस्कूलात मुलींची संख्या चांगली वाढली. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीवर काम करणाऱ्या, लुगडे खोचून सायकलीवर. आधी लोक हसले, मग त्याच बायका पाण्याचे हंडे आणि भाजी सायकलीवर आणू लागल्या तेव्हा हसणे थांबले.

आमच्या बाजूला मात्र एका पाड्यावर मी दोन नव्या सायकली भिंतीला उभ्या पाहिल्या, टायर चिरलेले. मुलीची आई म्हणाली, "काय करू दादा, रस्त्याच्या कडंला निस्ती खडी. मागनं डंपर येतो, पोर घाबरते. बाप म्हणतो, चालत जा." तेव्हा ग्रामपंचायतीला पैसा मिळो की आमदारांना योजना सुचो, पाण्याकाठी नवा चकचकीत मार्ग मागू नका. आहे त्याच रस्त्याच्या दोन्ही कडा हातभर रुंद, सपाट आणि खडी झाडलेल्या मागा. ओढ्यावरच्या पुलांना धड कठडे मागा. शाळेच्या वेळेला डंपर बंद ठेवायला लावा. त्याच कडेने रविवारी डोंबिवलीचा डॉक्टर जाईल आणि सोमवारी पाड्यावरची पोर. पाणी आहे तिथेच राहील आणि रस्त्यावरून दोघांनाही दिसेल.

तुम्हा घरच्या मंडळींनाही कधी जावेसे वाटले तर जरूर जा. भात कापून, झोडून झाले की चार दिवस सवड असते. मुलांना बरोबर घ्या. धसईहून सकाळी सातला निघा, देहरीला न्याहारी करा, ऊन चढायच्या आत परता. पावसाळ्यात धरणाच्या आणि धबधब्याच्या कडेला जाऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईचे हुकूम त्या काळात उगाच निघत नाहीत, शेवाळलेल्या दगडावर पट्टीचा पोहणाराही घसरतो. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरे पाहा, साखळीला दोन थेंब तेल द्या आणि हवा अंगठ्याने दाबून बघा. टायर दबता कामा नये. सोबत पंप आणि पंक्चरची डबी ठेवा, कारण बाजार सोडला की पुढे दुकान नाही. रस्त्यात गुरे आडवी आली तर घंटी वाजवू नका, ती बुजतात. उतरून सायकल हाताने चालवत न्या. गुराखी ओळखीचा निघतो, आणि पलीकडच्या झऱ्याचे पाणी गोड की मचूळ ते त्यालाच ठाऊक असते.